कव्हरवरची विधवा

दारातल्या मुलीने आईला गजरा दिला नाही.

ठाण्यातला हॉल होता. एका मासिकाच्या दिवाळी अंकाचं प्रकाशन. दारात दोन मुली उभ्या, एकीच्या हातात अत्तर, दुसरीच्या हातात गजऱ्यांचं तबक. येईल त्या बाईला गजरा. माझ्यापुढे आमच्या शेजारची संगीतावहिनी होती, तिला मिळाला. मला मिळाला. मग आई. त्या मुलीने आईसाठी गजरा उचललासुद्धा. तेवढ्यात अत्तरवाली तिच्या कानाला लागली. मुलीने आईकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या मोठ्या पोस्टरकडे पाहिलं, आणि गजरा परत तबकात ठेवला.

"सॉरी हं काकू," म्हणाली. आणि हात जोडले.

पोस्टरवर अंकाचं कव्हर होतं. कव्हरवर माझी आई होती. पांढऱ्या साडीत.

आता नीट ऐका. नवरा मेला होता तो संगीतावहिनीचा. तिला गजरा मिळाला. माझ्या आईचा नवरा, म्हणजे माझे पप्पा, आमच्या मागेच पिशवी घेऊन उभे होते. त्यांना अत्तर लावलं गेलं.

आत जाऊन बसलो. आईच्या शेजारी एक बाई आल्या. चांगल्या घरच्या, हातमागाची साडी, मांडीवर अंक. त्यांनी कव्हर पाहिलं, आईला पाहिलं, आणि आईचा हात हातात घेतला.

"तुम्हीच ना त्या? किती धीराच्या आहात हो." मग आईच्या जांभळ्या साडीवर नजर फिरवून म्हणाल्या, "आणि रंगीत नेसून आलात ते फार छान केलंत. आपणच बदलायला हवं."

बाई पप्पांकडे वळल्या. "हे भाऊ का तुमचे?"

"नाही," पप्पा म्हणाले. "मी वारलेला."

बाई हसल्या नाहीत. थोडा वेळ अंक चाळला, मग रुमाल नाकाला लावून पुढच्या रांगेत जाऊन बसल्या. पप्पांच्या अंगाला वास नव्हता. दोनदा आंघोळ करून आलेले. पण अंकात छापलं होतं ना, की ते काय काम करतात. म्हणजे काय काम करायचे.

मी हे सगळं हसण्यासाठी सांगत नाहीये. मला त्या दिवशी शिसारी आली आणि ती अजून गेलेली नाही.

आम्ही डोंबिवलीच्या अलीकडे, कोपरला राहतो. स्टेशनच्या पश्चिमेला उतरलं की खाडीच्या अंगाला जी वस्ती आहे तिथे. पप्पा आणि वहिनीचा नवरा सुनीलदादा एकाच ठेकेदाराकडे कामाला. गटारं, चेंबर, सोसायट्यांच्या मैल्याच्या टाक्या. डोंबिवली पूर्वेच्या एका सोसायटीच्या टाकीत सुनीलदादा गेला. त्याला आत उतरवला. कायद्याने बंदी आहे माणूस उतरवायला. हे सोसायटीच्या सेक्रेटरीला माहीत, ठेकेदाराला माहीत, पोलिसांना माहीत.

सेक्रेटरीने पहिल्या दिवसापासून एकच लावून धरलं. "तो पिऊन आला होता. स्वतःहून उतरला. आम्ही नको नको म्हणत होतो."

सुनीलदादा तंबाखू खायचा. दारूला शिवत नव्हता. आणि सकाळी ठेकेदाराचा फोन आला तो वहिनीने कानाने ऐकला होता, कारण दादा दाढी करत होता आणि फोन स्पीकरवर ठेवला होता. ठेकेदार म्हणाला होता, सेक्रेटरी म्हणतोय गणपतीच्या आत टाकी मोकळी पाहिजे, माणूस उतरवा पण संपवा. बस. आमच्या हातात एवढंच होतं. वहिनीचे कान आणि वहिनीचा शब्द. तिच्या शब्दावर तक्रार उभी होती. तो शब्द पडला की सगळं पडणार होतं.

मी पत्रकं लिहिते. आमची छोटी संघटना आहे, त्यात लिहिता येतं म्हणून ते काम माझ्याकडे. एका पानात बसवायचं. काय झालं, कोणी केलं, काय पाहिजे. सुनीलदादाचं पत्रक आम्ही कोपरपासून कल्याणपर्यंत वाटलं. ते वाचून मॅडम आल्या.

मॅडमचं नाव इथे लिहीत नाही. त्या मासिकात त्या मोठे रिपोर्ताज लिहितात. वीस-वीस पानांचे. कधी कातकऱ्यांवर, कधी बारमधल्या मुलींवर, कधी तृतीयपंथीयांवर. त्यांचं सगळं उपेक्षितांवर असतं. स्वतः ठाण्यात पाचपाखाडीला, मोठ्या सोसायटीत राहतात.

पहिल्या दिवशी मला म्हणाल्या, "तुझं पत्रक वाचलं. चांगलंय. पण पत्रकाला खोली नसते. मला खोलात जायचंय."

मला पटलं. मला वाटलं, बाई मेहनतीची आहे. आणि होतीच. गणपती होऊन गेले तरी येत राहिली. आमच्याकडे जेवली. वहिनीकडे जेवली. जवळ्याची चटणी मागून घेतली. पप्पांनी स्वतः चहा करून दिला, तो कप हातात धरून बसून राहिली. प्रश्न मात्र असे विचारायची की माणसाने कुठे बघावं कळू नये.

आईला एकदा विचारलं, "ते कामावरून आले की घरात वास राहतो का?"

आई भाकरी थापत होती. म्हणाली, "तुमच्या मिस्टरांच्या अंगाला ऑफिसचा राहतो का?"

मॅडम खळखळून हसल्या. "काय बोललात," म्हणाल्या आणि लिहून घेतलं. छापलं नाही. मी अंक पुन्हा पुन्हा वाचलाय. ते वाक्य कुठेच नाही.

मग फोटोग्राफर आला. त्याला वहिनीचा फोटो पाहिजे होता. वहिनी एमआयडीसीत प्लास्टिकच्या कंपनीत जाते, पहिली पाळी करून आली होती. अंगात पोपटी ड्रेस, कपाळाला टिकली, ओठाला हलकीशी लिपस्टिक. फोटोग्राफरने तिला पाहिलं आणि मॅडमकडे पाहिलं.

"ह्या?"

"हो, ह्याच."

"विधवा वाटत नाहीत."

वहिनीसमोर बोलला. जणू ती भिंत होती. मग तिच्याकडे वळून गोड आवाजात, "ताई, टिकली काढून एक घेऊया का? फक्त एक."

वहिनी म्हणाली, "टिकली मी लग्नाच्या आधीपासून लावते भाऊ. त्याने आणलेली नव्हती, त्याच्याबरोबर जाणार पण नाही."

"तसं नाही हो ताई. इमोशन येत नाहीये फ्रेममध्ये."

"मग राहू द्या फोटो," वहिनी म्हणाली, आणि हंडा उचलून पाण्याला निघून गेली.

मॅडम फोटोग्राफरला म्हणाल्या, "बघू आपण काहीतरी."

ते काहीतरी त्यांना पौर्णिमेला सापडलं. पावसाळ्यातल्या वर्षावासातली पौर्णिमा होती, वस्तीतल्या सगळ्या बायका विहारात वंदनेला निघालेल्या. पांढऱ्या साड्या. हे काय मी समजावून सांगायची गोष्ट आहे? आमच्यात पांढरं हे चांगल्या दिवसाचं. आमच्यात नवरी पांढरी नेसते. नवीन घरात जाताना पांढरं, जयंतीला पांढरं. सासू सुनेसाठी हौसेने पांढरी घेते, काठ बघून घेते. कळव्यापासून कल्याणपर्यंत कुठल्याही बौद्धवाड्यात जाऊन विचारा.

फोटोग्राफरचे डोळे चमकले. "अख्खी गल्ली पांढरी," म्हणाला. आई वंदना करून परत येत होती. पावसाची भुरभुर होती म्हणून पदर डोक्यावरून घेतलेला, त्याखाली मंगळसूत्र झाकलं गेलेलं. हातात उरलेली मेणबत्ती.

तो म्हणाला, "काकू, एक मिनिट. हसू नका."

आई म्हणाली, "वंदनेवरून आलेलं माणूस हसणार नाही तर काय?"

"जरा खाली बघा. हां. तसंच."

आईला वाटलं विहाराचा फोटो आहे. मलाही तसंच वाटलं. मॅडम शेजारीच उभ्या होत्या. वंदना काय, पांढरं का, हे त्याच सकाळी मी त्यांना सांगितलं होतं आणि त्या "किती सुंदर" म्हणाल्या होत्या. तेव्हा हे अज्ञानातून झालं असं कोणी मला सांगू नये.

दिवाळीत अंक स्टॉलवर आला, प्रकाशनाचा कार्यक्रम नंतर होता. कव्हरवर आई, मान खाली. आत मॅडमचा रिपोर्ताज. "पांढऱ्या गल्लीतल्या बायका." त्यात एक शांता आहे. शांताचा नवरा डोंबिवलीच्या सोसायटीच्या टाकीत मेला. शांताच्या गल्लीत बाया पांढरं नेसून फिरतात, कारण त्या गल्लीत पुरुष टिकत नाहीत. शांताच्या लेखाला आईचा फोटो, अर्धं पान, पुन्हा. आणि शांता बोलते. काय बोलते, तर, "पिल्याशिवाय आत कोण उतरणार ताई? माझा पण पिऊनच उतरला."

खाली बारीक अक्षरात, ओळख लपवण्यासाठी नाव बदललं आहे.

नाव बदललं. तोंड तेवढं कव्हरवर टाकलं.

आईने तो अंक बराच वेळ हातात धरला. म्हणाली, "फोटो छान आलाय गं. माणूस मारायला नको होता."

कल्याणच्या मावशीचा फोन आला, तिच्या शेजारणीने अंक दाखवलेला. मावशी हमसून रडत होती, "मेल्यांनो, कळवलंसुद्धा नाही." आईने फोन पप्पांकडे दिला. पप्पा "हां, बोल" म्हणाले आणि मावशीने घाबरून फोन कट केला. मग परत केला आणि पप्पांना मरेस्तोवर शिव्या घातल्या. आम्ही त्या दिवशी हसलोही. खरं सांगते, हसलो.

हसणं चौकीत संपलं.

वहिनीला जबाबासाठी परत बोलावलेलं, मी सोबत गेले. साहेबांच्या टेबलावर तोच अंक. सोसायटीच्या सेक्रेटरीने आणून दिला होता. पान उघडून, ओळीखाली पेनाने रेघ मारून.

साहेब म्हणाले, "ही तुमचीच गोष्ट ना?"

"नाव माझं नाही साहेब. फोटो पण माझा नाही."

"नाव बदललंय, तेच लिहिलंय इथे. सोसायटी तीच, टाकी तीच. आणि तुम्हीच म्हणताय की पिऊन उतरला."

"मी नाही बोलले असं."

"मग छापलं कसं? एवढी शिकलेली माणसं खोटं छापतील?"

मी बोलायला लागले तर साहेबांनी मला हाताने थांबवलं. पुढे म्हणाले, "त्या मासिकवाल्यांकडून लिहून आणा, हे वाक्य तुमचं नाही म्हणून. मग फोनचं काय ते बघू. आत्ता तुमच्या शब्दाला वजन काय राहिलं, सांगा?"

ज्या शब्दावर सगळं उभं होतं तो शब्द असा गेला. सेक्रेटरीने नाही घालवला. ठेकेदाराने नाही. आमच्याकडे जेवून गेलेल्या बाईने घालवला.

बाहेर येऊन मी तिथूनच मॅडमना फोन लावला. वहिनी पायरीवर बसलेली. मी स्पीकर चालू केला.

"मॅडम, ते दारूचं वाक्य कोणाचं आहे?"

"अगं, शांता ही कोणी एक बाई नाहीच आहे. ती सगळ्यांची मिळून आहे. प्रातिनिधिक. अशा लेखनात हे करावं लागतं."

"वाक्य कोणाचं आहे?"

"आता आठवत नाही गं. मी कितीतरी जणींशी बोलले. भिवंडीच्या बाजूची कोणीतरी असेल."

"आणि आईचा फोटो?"

"तो लेआउटवाल्यांनी निवडला."

"तुम्हाला माहीत होतं ते वंदनेचं पांढरं आहे. पप्पांच्या हातचा चहा प्यायलात तुम्ही."

मग अगदी समजुतीच्या सुरात, "हो गं, मला माहितीये. पण वाचकाला पांढरं म्हटलं की एक गोष्ट लगेच कळते. त्याला तुमचं सगळं समजावत बसलं तर लेखाचा टोन जातो."

वाचक. तो कोण हे मला त्या पायरीवर कळलं. त्या वाचकात माझी आई नाही, वहिनी नाही, मी नाही. माझ्या वस्तीतला एकही माणूस मराठी वाचत असेल असं त्या लेखात कुठेच गृहीत धरलेलं नाही. आम्ही फक्त वाचले जाणारे. आईचं तोंड घेतलं, वहिनीचा मेलेला माणूस घेतला, भिवंडीच्या कुठल्यातरी बाईची जीभ घेतली आणि शिवून एक बाई केली. ती बाई गरीब पाहिजे तेवढी गरीब, दुःखी पाहिजे तेवढी दुःखी, आणि नवऱ्याच्या मरणाचा दोष नवऱ्यावर घालण्याइतकी प्रामाणिक. सोसायटीवाल्याने दिवाळीच्या सुट्टीत फराळ खात वाचावी अशी. वाचून हळहळावं आणि संडासला जाऊन फ्लश ओढावा अशी.

मॅडम म्हणाल्या, "हे बघ, प्रकाशनाला या तुम्ही. सगळे या. संपादक स्टेजवरून खुलासा करतील, मी बोलते त्यांच्याशी. लिहून पण देतील. आणि आईंना त्याच साडीत आण, लोक ओळखतील."

म्हणून आम्ही त्या हॉलमध्ये होतो. शाल घ्यायला नाही गेलेलो. कागद घ्यायला गेलेलो. वहिनीने अर्धी पाळी सोडली होती.

आईने मात्र ती साडी नेसली नाही. म्हणाली, "ती वंदनेची आहे. नाटकाची नाही."

कार्यक्रम सुरू झाला. आधी समई, मग सरस्वती, मग संपादक. संपादक छान बोलतात. ज्यांना आवाज नाही त्यांचा आवाज होणं म्हणजे काय, हे त्यांनी बराच वेळ सांगितलं. खुलाशाचं नाव नाही. मग म्हणाले, "आणि आता आपल्या कव्हरवरच्या नायिकेचा सत्कार."

आई उठेना. मी तिचा हात धरून वर नेलं. संपादकांनी शाल उघडली. मी हळूच म्हटलं, "सर, खुलासा."

तोंडावरचं हसू न हलवता म्हणाले, "आत्ता नको. नंतर. मूड जातो लोकांचा."

मी माईक घेतला. निवेदिकेला वाटलं आभार मानतेय, तिने पुढेच केला.

मी म्हटलं, "ही माझी आई. हिचा नवरा तिथे बसलाय, निळ्या शर्टात. ज्यांचा नवरा टाकीत मेला त्या संगीताताई त्यांच्या शेजारी बसल्यात. तुमच्या अंकातलं दारूचं वाक्य त्यांनी कधी उच्चारलेलं नाही. त्या वाक्यावर त्यांची केस मरतेय. ते वाक्य त्यांचं नाही एवढं आत्ता, इथे, लिहून द्या."

हॉल शांत झाला. मला वाटलं, लागलं.

मग टाळ्या पडल्या.

अख्खा हॉल टाळ्या वाजवत होता. ती हातमागाची साडी उभी राहून वाजवत होती. संपादकांनी माईक घेतला आणि भरल्या गळ्याने म्हणाले, "याला म्हणतात धग. हीच धग आपल्याला पुढच्या अंकात हवी आहे." परत टाळ्या. आणि आईसाठी उघडलेली शाल त्यांनी माझ्या खांद्यावर टाकली.

मला कोणी मारलं असतं तरी चाललं असतं. हाकलून दिलं असतं तरी. शिव्या कळतात आम्हाला, त्यांना उत्तर देता येतं. पण मी तोंडावर खोटारडे म्हटलं आणि त्यांनी ते चाखलं. चविष्ट लागलं त्यांना. माझा राग ते प्रसादासारखा वाटून खात होते आणि मी शाल पांघरून उभी होते.

खालून वहिनी उठली. टाळ्या थांबायची वाट पाहिली. मग म्हणाली, "साहेब, टाळ्या नकोत. सही पाहिजे."

त्यावर कोणी टाळी वाजवली नाही.

मी शाल काढली, घडी घातली आणि त्यांच्या खुर्चीवर ठेवली.

नंतर स्टेजमागच्या खोलीत बसवलं. बटाटेवडे, कॉफी. पप्पांनी वडा घेतला नाही. संपादक घाम पुसत म्हणाले, "भावना समजते. पण असं लिहून दिलं तर उद्या कोणी आमच्या लेखावर विश्वास ठेवणार नाही. त्यात तुमच्याच प्रश्नाचं नुकसान आहे. मोठं चित्र बघा जरा."

वहिनी मॅडमकडे बघत होती. "ताई, तुम्ही माझ्या घरी जेवलात. मी काय बोलले ते तुम्हाला माहितीये ना?"

मॅडम म्हणाल्या, "तुम्ही रागावलात माझ्यावर."

"राग सोडा. मी काय बोलले ते सांगा."

मॅडमनी कॉफीचा कप खाली ठेवला आणि माझ्याकडे वळल्या. मला म्हणाल्या, "तू लिही ना. तुझ्यात आहे ते. दर महिन्याला सदर देऊया तुला. वस्तीतून थेट. हो ना सर?" सर लगेच हो म्हणाले. "फक्त सुरुवात या विषयाने नको. वाद होतील."

खोटं बोलत नाही, मला ते हवंसं वाटलं. दर महिन्याला. माझं नाव, छापील. पत्रकावर नाव नसतं, खाली फक्त संघटना असते. मी वहिनीकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघत नव्हती. तिने डोक्यातला गजरा काढला होता आणि तो कुठे ठेवावा म्हणून टेबलावर जागा शोधत होती.

मी म्हटलं, "नको."

"विचार कर. असा चान्स..."

"विचार केला. नको. सही देताय का?"

"कायदेशीर सल्ला घ्यावा लागेल," संपादक म्हणाले.

"घ्या," पप्पा म्हणाले. त्या खोलीत ते तेवढंच बोलले. आम्ही उठलो.

सोसायटीला घाण दिसायला नको होती. यांना घाणच बघायची होती. माणूस दोघांनाही नको होता. मी तोवर पहिल्यांनाच शत्रू समजत होते. दुसऱ्यांकडे मी आशेने बघायचे, कोणीतरी मोठं लिहील, कोणीतरी आपलं मांडेल म्हणून. ती आशा मी त्या खोलीत वड्यांच्या प्लेटशेजारी ठेवून आले.

पुढचं आम्ही केलं. आईने आणि पप्पांनी लेखी दिलं की फोटोतली बाई ही आहे आणि तिचा नवरा हा आहे, जिवंत. वहिनीने लेखी दिलं की ते वाक्य तिचं नाही, ते छापणाऱ्यांना बोलावून विचारा. मी पत्रक काढलं. एकच पान. काय झालं, कोणी केलं, काय पाहिजे. त्यात मासिकाचं नाव घातलं, संपादकांचं घातलं, मॅडमचं घातलं. बदललं नाही. त्या सोसायटीच्या गेटवर वाटलं आणि पाचपाखाडीलाही वाटलं. साहेबांनी कागद ठेवून घेतलेत. मासिकवाल्यांना अजून बोलावलेलं नाही. ठेकेदार मोकळा आहे. सेक्रेटरी परत निवडून आलाय. वहिनी पहिल्या पाळीला जाते. बरं काहीच झालेलं नाही, तेव्हा शेवटी बरं वाटेल असं काही शोधू नका.

एक झालं. विहारात बैठक झाली आणि नियम झाला. वस्तीवर कोणालाही लिहायचं असेल त्याने लिहावं. पण छापायच्या आधी ते विहारात येऊन मोठ्याने वाचायचं. ज्याच्याबद्दल लिहिलंय तो समोर बसणार. तो म्हणाला हे मी बोललो नाही, की ते वाक्य गेलं. तो म्हणाला हे आमचं घरातलं आहे, की ते गेलं. फोटो ज्याचा, नाव त्याचं, आणि नाव लपवायचं असेल तर तोंडपण लपवायचं. वर्षावासात ग्रंथ वाचतात तसं, सगळ्यांसमोर, न थांबता, न गाळता वाचायचं.

मॅडमना कुठून तरी कळलं. त्यांचा फोन आला. "ही तर सेन्सॉरशिप झाली."

मी विचारलं, "तुमच्या सोसायटीत शिरताना गेटवर वॉचमन थांबवतो, नाव लिहायला लावतो, वर फोन करून विचारतो आणि मग सोडतो. त्याला काय म्हणता?"

"ते वेगळं," म्हणाल्या.

मध्यंतरी मुंबईहून एक जण आला, कुठल्याशा वेबसाइटचा. वस्तीच्या तोंडाशी पोरांनी त्याला नियम सांगितला. तो म्हणाला आमच्यात असं चालत नाही, डेडलाइन असते. तिथूनच रिक्षा करून परत गेला. वहिनी नळावर होती. म्हणाली, "जाऊ दे. चहा वाचला."

तुम्ही आत्ता वाचलंत हे मी आधी विहारात वाचलं. आई बसली होती, पप्पा बसले होते, वहिनी समोर बसली होती. आईने एक शब्द बदलायला लावला. पप्पा म्हणाले ठीक आहे. वहिनीने सुनीलदादावरचा एक अख्खा परिच्छेद काढायला सांगितला. त्याच्या शेवटच्या दिवसाचा. त्याला वर काढला तेव्हाचा, आणि ती तिथे पोचली तेव्हाचा. मी म्हटलं, वहिनी, तो वाचला तर लोक हलतील. ती म्हणाली, "मला त्यांना हलवायचं नाहीये. मला ठेकेदार आत पाहिजे."

तो परिच्छेद मी चांगला लिहिला होता. या लेखातलं सगळ्यात चांगलं तेच होतं. मी तिच्यासमोर फाडला. तो तिचा होता. तुम्हाला तो मिळणार नाही.